आम्ही की आपण?

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ज्या केस स्टडी स्पर्धा होतात, त्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ते शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर असतं आणि संघात ज्याचा आवाज सर्वांत ठाम, त्याच्याकडे सोपवलेलं असतं. या स्पर्धांची भाषा देशभर इंग्रजीच असल्यामुळे वाक्यही इंग्रजीत असतं. आशय साधारण असा: सर्व पर्याय तपासल्यावर आम्ही दुसरा पर्याय सुचवतो, तीनपैकी एक कारखाना बंद करावा, उरलेल्या दोहोंत नवी यंत्रं आणावीत, अठरा महिन्यांत खर्च भरून निघेल. परीक्षक टिपणं घेतात, वेळ संपल्याची घंटा वाजते, पुढचा संघ येतो.

मी भाषांतरं करते आणि चेन्नईत राहते. त्यामुळे या वाक्यात मी अडखळते ती कारखान्याच्या आधीच, कर्त्यापाशी. वर मी 'आम्ही' असं लिहिलं. मूळ इंग्रजी सर्वनामाचं मराठी 'आपण'ही होऊ शकतं. 'आम्ही बाजारात चाललोय' हे ऐकणाऱ्याला मागे ठेवून बोललेलं वाक्य आहे, 'आपण बाजारात जाऊ' हे त्याला सोबत घेऊन. घरातलं लहान मूल हा फरक कोणी न शिकवता ओळखतं. पहिलं वाक्य ऐकलं की भोकाड पसरतं, दुसरं ऐकलं की चपला शोधायला लागतं. तमिळमध्ये याच कामासाठी दोन शब्द आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारा 'नांगळ' आणि त्याला सामावणारा 'नाम'. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर मोठमोठ्या अक्षरांत 'नम्म चेन्नई' लिहिलेलं आहे. त्यातलं 'नम्म' म्हणजे 'आपलं'. तिथे 'आमचं' या अर्थाचा शब्द असता, तर माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईने त्या अक्षरांपुढे उभं राहून फोटो काढला नसता. संस्कृतात हा भेद नाही, प्रमाण हिंदीतला 'हम' दोन्हीकडे चालतो. मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असं अनेक भाषाभ्यासक मानतात. म्हणजे या एका बाबतीत मराठी आणि तमिळ शेजारणी आहेत, आणि इंग्रजी त्यांच्याकडे आलेली पाहुणी.

हा व्याकरणाचा मुद्दा मला नैतिक वाटतो. केस सोडवणारा विद्यार्थी 'वी' म्हणतो, तेव्हा त्या शब्दात कोण कोण असतं? ज्यांचा कारखाना बंद होणार आहे, ते असतात का? दुसऱ्यावर ओढवलेला पेच आपल्या सरावासाठी वापरताना आपण त्याचं काय देणं लागतो?

'केस' हा शब्दच मुळात ओढवण्याचा आहे. त्यामागचा लॅटिन शब्द 'कासुस' म्हणजे पडणं, कोसळणं, अवचित घडलेला प्रसंग. मराठीत आपण 'प्रकरण' म्हणतो आणि तो शब्द कोर्टात, पुस्तकात आणि गल्लीतल्या कुजबुजीत सारख्याच सहजतेने वावरतो. वर्गात प्रकरणं आणली ती आधी वकिलांनी. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांनी १८७०पासून नियम पाठ करून घेण्याऐवजी प्रत्यक्ष निवाडे वाचून त्यांतून नियम शोधायला लावलं. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८मध्ये निघालं. १९१९ साली तिथे अधिष्ठाता झालेले वॉलेस डोनम स्वतः कायदा शिकलेले होते. त्यांनी ही पद्धत व्यापारशिक्षणात रुजवली, आणि १९२१मध्ये जनरल शू कंपनीवर तिथली पहिली केस लिहिली गेली. १९६१ साली अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या सहकार्याने उभं राहिलं, तेव्हा ही पद्धत भारतात आली.

तिच्यामागची कल्पना सुंदर आहे. केस कुठल्यातरी अधिकाऱ्याच्या अडचणीपाशी सुरू होते, पंधरा-वीस पानं माहिती देते आणि निर्णयाच्या उंबऱ्यावर थांबते. पुढे काय झालं हे सांगत नाही. चांगल्या किंवा वाईट कारभाराचा नमुना दाखवण्यासाठी नव्हे, तर चर्चेसाठी ही केस लिहिली आहे, अशी तळटीप पहिल्या पानावर छापायची जुनी रीत आहे. मला ती टीप वाचताना दर वेळी महानुभावांचा 'दृष्टांतपाठ' आठवतो. तेराव्या शतकात केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत एकत्र केले, त्यांची बांधणी तीन पदरी आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, मग दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ कशाला लावायचा ते. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट सांगून झाली की आंधळे कोण आणि हत्ती कोण, हेही सांगितलं जातं. केस म्हणजे सूत्र आणि दार्ष्टांतिक काढून घेतलेला दृष्टांत. अर्थ वर्गाने मिळून शोधायचा, आणि तास संपला तरी तो पुरता हाती लागला नाही तर चालतं. तास संपल्यावर जी अस्वस्थता उरते, तेच शिक्षण.

प्रकरणांवरून विचार करण्याची आणखी एक जुनी परंपरा आहे आणि तिचे वारस चेन्नईत आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांत जेझुइट धर्मगुरू सदसद्विवेकाची प्रकरणं अभ्यासत. पापाची कबुली द्यायला आलेल्या माणसाला काय सांगायचं, याची ती तयारी होती. दुष्काळात भाकरी चोरणारा चोर आहे का? धमकीपोटी दिलेलं वचन पाळायचं का? पुढे ही पद्धत कोणत्याही कृत्याला पळवाट शोधून देते अशी तिची अपकीर्ती झाली. १६५६-५७मध्ये पास्कालने आपल्या पत्रांतून तिची यथेच्छ टर उडवली. तरीही तिची एक बाजू लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याचं प्रकरण, तो माणूस जाळीपलीकडे गुडघे टेकून बसलेला असे, आणि निवाडा त्याच्या कानात सांगावा लागे. नुंगम्बाक्कमच्या लोयोला कॉलेजची स्थापना जेझुइटांनी १९२५ साली केली आणि त्याच आवारात १९७९मध्ये त्यांची व्यवस्थापन संस्था, लिबा, सुरू झाली. दोन्ही परंपरा एकाच फाटकातून आत गेल्या, असं त्या रस्त्याने जाताना मला वाटतं.

स्पर्धा या पद्धतीत काय बदल करते, ते पाहू. स्पर्धेला उत्तर लागतं. मॉन्ट्रिअलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातली जॉन मोल्सन स्पर्धा जगभरात नावाजलेली आहे. तिथे संघाला केस मिळते, खोलीचं दार बंद होतं आणि तीन तासांत सादरीकरण तयार करावं लागतं. आपल्याकडे हिंदुस्तान युनिलिव्हर, आयटीसी, टाटा, महिंद्रा अशा उद्योगांनी स्वतःच्या स्पर्धा काढल्या. महिंद्राच्या स्पर्धेचं नाव 'वॉर रूम' आहे. पहिल्या फेरीत दोन-तीन स्लाइड्स पाठवायच्या, मग चाळणी, मग अंतिम फेरीत दहा-पंधरा मिनिटांचं सादरीकरण आणि परीक्षकांचे प्रश्न. बक्षिसाच्या रकमेपेक्षा मुलांचा डोळा असतो पीपीआयवर, म्हणजे कॅम्पसवर भरती सुरू होण्यापूर्वीच त्या कंपनीत मिळणाऱ्या मुलाखतीच्या संधीवर. देशातल्या आघाडीच्या संस्थांत दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे गेली आहे आणि अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या जिन्यात बसून एका तक्त्यातले आकडे चौथ्यांदा जुळवणाऱ्या मुलीला 'तू उथळ आहेस' असं सांगण्याचा अधिकार मला नाही. ती पोटासाठीच जागते आहे.

मात्र स्पर्धेत केसमधली अस्वस्थता टिकत नाही. जे दार्ष्टांतिक वर्गाने मोकळं सोडलं होतं, ते इथे घंटा वाजायच्या आत भरून द्यावं लागतं. 'आम्हाला खात्री नाही' असं म्हणणारा संघ अंतिम फेरीत पोचत नाही. आणि दिलेलं उत्तर कधीच परत येत नाही. चुकलं तर दोन वर्षांनी कोणी दार ठोठावत नाही. परीक्षकांमध्ये बहुधा ती स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीचेच वरिष्ठ असतात. म्हणजे प्रश्न ज्याचा, निवाडा त्याचा आणि नोकरीही त्याचीच. या त्रिकोणात बसून ज्याने 'वी' म्हणायचं, तो ते कुणाच्या बाजूने म्हणेल, हे वेगळं सांगायला नको.

चेन्नईतल्या एका संस्थेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने मला एकदा अशा स्पर्धेच्या अंतिम फेरीला बोलावलं होतं. मांडणीच्या स्पष्टतेसाठी वीस गुण होते, ते मी द्यायचे. केस नाव बदललेल्या एका कंपनीची होती: मोटारींचे सुटे भाग, तीन कारखाने, त्यांतला जुना शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत, तोट्यात. पाचपैकी चार संघांनी तोच बंद केला. मधल्या चहाच्या वेळी त्यांतल्या एका संघातला सांगली जिल्ह्यातला मुलगा भेटला. मराठी बोलणारं कोणी सापडल्याचा आनंद दोघांनाही झाला. मी सहज म्हटलं, "काय ठरवलंत, मराठीत सांग ना."

"आम्ही ना मॅडम, तो जुना प्लांट..." तो थांबला. "म्हणजे, आपण तो बंद... नाही, आपण नाही. कंपनी तो बंद करेल." मग स्वतःशीच हसला. "इंग्लिशमध्ये हे सोपं जातं."

"घरी असंच सांगशील?"

"बाबांना? बाबा विचारतील, तू कोण बंद करणारा?"

त्याचे वडील एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या तोंडी 'आपला कारखाना' हे शब्द बसले आहेत. ते नेहमी खरे असतात असं नाही. वार्षिक सभेत माइकवरून 'आपण' ऐकू येतं आणि निर्णय चेअरमनच्या बंगल्यावर झालेला असतो, हे त्या पोराला माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. पण तिथे खोटं बोलणाऱ्यालाही 'आपण' म्हणावं लागतं, आणि सभेतला एखादा म्हातारा उठून 'आपण म्हणजे कोण?' असं विचारू शकतो. स्पर्धेच्या सभागृहात तो म्हातारा नसतो.

मी त्या संघाला वीसपैकी सतरा गुण दिले. मांडणी खरोखरच स्पष्ट होती. फक्त कर्ता तेवढा धूसर होता, आणि त्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नव्हता.

हा रकाना का हवा, ते पाहायला चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर जावं लागतं. श्रीपेरुम्बुदूरला नोकियाचा कारखाना २००६ साली सुरू झाला. ऐन भरात तिथे सुमारे ८,००० जणांना थेट काम होतं. आसपासच्या जिल्ह्यांतल्या, बारावी किंवा पदविका करून आलेल्या तरुण मुला-मुलींची संख्या त्यांत मोठी होती, आणि कितीतरी घरांत महिन्याचा पगार आणणारी पहिली व्यक्ती ही मुलगीच होती. नोकियाची घसरण ही जगभरच्या व्यवस्थापन वर्गांतली आवडती केस आहे. तिच्यात एक पत्र हटकून येतं. मुख्य अधिकारी स्टीफन एलॉप यांनी ते फेब्रुवारी २०११मध्ये कंपनीतल्या सर्वांना पाठवलं. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाला आग लागते आणि त्यावरच्या माणसाला थंडगार पाण्यात उडी मारावी लागते, अशी गोष्ट सांगून त्यांनी म्हटलं होतं की नोकियाही अशाच जळत्या फलाटावर उभी आहे. इंग्रजीत तिथे 'वी' आहे. पत्र सर्वांना उद्देशून असल्यामुळे मराठीत त्याचं 'आपण' करावं लागेल, तमिळमध्ये 'नाम'.

पुढे २०१३मध्ये नोकियाचा फोनव्यवसाय मायक्रोसॉफ्टने घ्यायचं ठरलं. एलॉप यांना त्या व्यवहारात सुमारे १.८८ कोटी युरो मिळणार असल्याचं जाहीर झालं आणि फिनलंडमध्ये गदारोळ उठला. श्रीपेरुम्बुदूरचा कारखाना मात्र मायक्रोसॉफ्टकडे गेलाच नाही. भारतातल्या प्राप्तिकर खात्याशी नोकियाचा मोठा वाद चालू होता, मालमत्तेवर टाच आली होती, आणि एप्रिल २०१४मध्ये व्यवहार पुरा झाला तेव्हा हा कारखाना त्यातून वगळला गेला. हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांतले बहुतेक विशी-पंचविशीतले होते. या वयाला 'निवृत्ती' शब्द लावताना कुठल्याही भाषेची जीभ अडखळावी. १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन थांबलं.

इथे खलनायक शोधण्यात अर्थ नाही. कंपनीकडे तिची कारणं होती. कर खात्याकडे त्याची होती. महसूल बुडू न देणं हे त्याचं कामच. दोघांनाही आपापलं 'आम्ही' होतं आणि कोर्टात वकील होते. या प्रकरणावर केस लिहिली तर विद्यार्थ्याला कंपनीच्या खुर्चीत बसवता येईल, सरकारच्या खुर्चीतही बसवता येईल. तिसरी खुर्ची केसच्या कसबात नाही. जळत्या फलाटावर जी 'आपण' होती, ती मुलगी उडी मारायची वेळ आली तेव्हा कुणाच्याच 'आम्ही'त नव्हती. उडी मारायची की नाही, हा निर्णय तिचा नव्हताच. तो तिच्यावर कोसळला. 'कासुस'चा मूळ अर्थ तिच्याइतका कुणालाच लागू पडत नाही, आणि केसमध्ये तिलाच जागा नाही.

केस पद्धतीचे समर्थक म्हणतात, ही परकायाप्रवेशाची विद्या आहे: विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करायचा. भाषांतरही तेच करतं, त्यामुळे हा युक्तिवाद माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण शंकराचार्यांच्या आख्यायिकेतला परकायाप्रवेश आठवावा. संसाराचा अनुभव घेण्यासाठी ते देह सोडून दुसऱ्याच्या शरीरात शिरले, ते अमरू राजाच्या. केसमधला परकायाप्रवेशही बहुधा राजाच्याच देहात होतो. मुख्य अधिकारी, विभागप्रमुख, वारसा हाती घेणारी मुलगी. यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाच्या देहात शिरून 'आता मी काय करू?' असा प्रश्न पडलेली केस कितीशी निघते? दोन वर्षं असा प्रवेश करून करून राजाचंच शरीर आपलं वाटायला लागलं, तर परत येण्याची वाट बुजते. आख्यायिकेत निदान मूळ देहाची राखण करायला शिष्य बसलेले होते.

यावरचे आक्षेप मला कळतात. पहिला असा की निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो. प्रत्येक निर्णयाआधी प्रत्येकाचं दुःख मनात भरून घेतलं, तर काहीच ठरणार नाही आणि तिन्ही कारखाने बुडतील. खरं आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा हात थरथरून चालत नाही. पण वैद्यकीय विद्यार्थ्याला त्याच्या पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी हेही शिकवतात, की समोरचा देह कुणाचा तरी आहे, कुणीतरी तो दिला आहे, त्याची थट्टा करायची नाही. हात स्थिर ठेवणं आणि ऋण विसरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. व्यवस्थापनाच्या शिक्षणात पहिलीचा भरपूर सराव होतो. दुसरीसाठी, मला दिसतं तितपत, तसा विधी नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. मुलं सभागृहात 'आपण' म्हणाली, कामगारांविषयी एक हळवी स्लाइड जोडली, म्हणजे काय साधलं? काहीच नाही. उलट ते वाईट होईल. आता बहुतेक सादरीकरणांत तशी स्लाइड असतेच. तिच्यावर 'पुनर्प्रशिक्षण' असा शब्द असतो आणि हात मिळवणाऱ्या दोन माणसांचं चित्र. 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' ही म्हण इतकी कठोर आहे ती उगाच नाही. तीन तासांत कुणाच्या वंशा जाता येत नाही, आणि गेल्याचा आव आणणं ही आणखी एक लूट आहे.

म्हणून मी 'आपण'ची मागणी करत नाही. 'आपण' हा शब्द कमवावा लागतो. तोटा ज्याच्या वाट्याला येणार त्यानेच तो म्हणावा. मला हवं आहे ते प्रामाणिक 'आम्ही'. आम्ही हा कारखाना बंद करतो आहोत. तुम्ही त्यात काम करता. हा निर्णय आमचा आहे, परिणाम तुमच्यावर होणार आहे, आणि आम्हाला तो मान्य का वाटतो ते असं. हे वाक्य क्रूर वाटेल, पण त्यात बोलणारा दिसतो. उद्या त्याला जाब विचारता येतो. इंग्रजी 'वी'ची सोय अशी की 'आम्ही'चा अधिकार आणि 'आपण'ची ऊब, दोन्ही एकाच दामात मिळतात. दोष इंग्रजीचा नाही. सोय दिसली की माणूस ती वापरतो. मराठी आणि तमिळ माणसाला मात्र आपल्या भाषेत परतताच दोहोंतला एक शब्द निवडावा लागतो, आणि निवडताना आपण कुठे उभे आहोत हे कळून येतं. सांगलीच्या त्या मुलाला ते एका वाक्यात कळलं.

केसमधली माणसं स्वतः वर्गात आली की काय होतं, याचं एक उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१०मध्ये केस काढली. मावळपट्ट्यातून आलेल्या या माणसांभोवती आधीच दंतकथा जमल्या होत्या. फोर्ब्स मासिकाने त्यांना 'सिक्स सिग्मा' प्रमाणपत्र दिलं, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. फोर्ब्सने असं प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं. पण डबेवाल्यांचे प्रतिनिधी व्यवस्थापन संस्थांमध्ये जाऊन बोलले, टोपी घालून, हिंदी-मराठी मिसळून. ते सांगत ती व्यवस्था 'आपण'वर चालणारी आहे. गटात मुकादम असतो, पण तोही डबे उचलतो, आणि गटाची कमाई वाटून घेतली जाते. एकाचा डबा चुकला तर बोल सगळ्यांना लागतो. श्रोत्यांमधून कुणी 'ही व्यवस्था मोठी कशी कराल?' असं विचारलं, तर उत्तर देणारा 'आमच्यात हे बसत नाही' असं म्हणू शकतो, कारण तो तिथे उभा आहे. मार्च २०२०मध्ये लोकल थांबल्या आणि डबेही थांबले. कितीतरी जण गावी परतले. केसमधली कार्यक्षमता तशीच छापील राहिली, माणसं शेतावर गेली.

निर्णयांना असं नंतरचं आयुष्य असतं, हे चेन्नईने अलीकडे आणखी एकदा पाहिलं. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं मोटार-उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. मराईमलै नगरचा कारखाना २०२२मध्ये बंद झाला. देशभरात सुमारे ४,००० कामगारांवर परिणाम होईल, असं कंपनीनेच सांगितलं होतं. सप्टेंबर २०२४मध्ये त्याच कंपनीने तमिळनाडू सरकारला कळवलं की निर्यातीसाठी तो कारखाना पुन्हा वापरायचा विचार आहे. पहिला निर्णय चूक होता की दुसरा, यावर उत्तम केस होईल आणि चार संघ चार उत्तरं देतील. मधल्या तीन वर्षांत कुणाच्या मुलाची शाळा बदलली, कुणी रिक्षा घेतली, हे कुठल्याच तक्त्यात बसणार नाही.

स्पर्धा बंद कराव्यात असं मला वाटत नाही. त्यांतून मुलं आकडे वाचायला, चौघांत मिळून काम करायला, अनोळखी माणसांपुढे उभं राहायला शिकतात, आणि छोट्या गावातून आलेल्या कितीतरी जणांना त्या दारं उघडून देतात. मला फक्त एक मिनिट वाढवून हवं आहे. सादरीकरण संपलं की संघातल्या एकाने शिफारशीचं वाक्य पुन्हा म्हणायचं, पण परीक्षकांकडे पाठ करून, आणि ज्याच्यावर तो निर्णय पडणार आहे त्याच्या भाषेत. चेन्नईत ती बहुधा तमिळ असेल, किंवा बिहार-ओडिशातून आलेल्या कंत्राटी कामगाराची. न येत असेल तर कुणाकडून तरी करून आणायचं. माझ्यासारख्या बायकांना तेवढंच काम मिळेल. गुण द्यायचे नाहीत. फक्त सर्वनाम निवडायचं आणि वाक्य पूर्ण करायचं. बोलताना लक्षात येईल, की इंग्रजीत सरळ चाललेलं वाक्य इथे 'तुम्ही'पाशी येऊन थांबतं, आणि समोरून 'तू कोण?' असा प्रश्न येणार हे गृहीत धरून पुढचा शब्द शोधावा लागतो.

कधीकधी तो शब्द सापडेल आणि निर्णय तसाच राहील. कधी एखादा संघ परत जाऊन आकडे पुन्हा मांडेल.